जुन्या स्कूटरचा जीर्णोद्धार

यंत्राचा इतिहास लिहिणारे बहुधा तें यंत्र कोणी शोधून काढलें, कोणत्या कारखान्यांत तें तयार झालें व त्याचे किती नग विकले गेले, एवढें सांगून थांबतात. देवळाचा इतिहास लिहितांना मात्र आपण असें करीत नाहीं. मूळ देऊळ कोणी बांधलें हें जितक्या आस्थेनें आपण विचारतों, तितक्याच आस्थेनें त्याचा जीर्णोद्धार कोणी व केव्हां केला हेंही विचारतों. किंबहुना पुष्कळ देवळें आज उभीं आहेत तीं बांधणाऱ्यापेक्षां जीर्णोद्धार करणाऱ्याच्याच पुण्याईनें. हाच न्याय यंत्रास लावून पाहिल्यास काय दिसतें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठीं पुण्याची जुनी गिअरची स्कूटर आणि तिच्या पोटांतील क्लच हा भाग घेतला आहे. हें उदाहरण कोणास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे; परंतु ज्या वाहनावर एका शहराच्या दोन पिढ्यांचा संसार चालला, त्याच्या दुरुस्तीची हकीकत क्षुल्लक समजणें बरोबर होणार नाहीं.

आरंभ कर्वेनगरापासून करूं. आजचें कर्वेनगर म्हणजे जुनें हिंगणें बुद्रुक. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं, प्लेगच्या त्या धामधुमीच्या काळांत, येथील माळावरच्या एका झोपडींत हलविला. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून अण्णासाहेब सुमारें चार मैल पायीं चालत हिंगण्यास येत. पावसाळ्यांत वाट चिखलाची असे. रस्ता म्हणावा असा रस्ताच नव्हता. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पेठांतील वाड्यांत दोन खोल्यांत राहणारीं कुटुंबें कोथरूड, कर्वेनगर, वारजें अशीं पश्चिमेकडे सरकूं लागलीं. बँकेंत, शाळेंत किंवा कारखान्यांत नोकरी करणाऱ्या गृहस्थास मोटार परवडण्यासारखी नव्हती, आणि बायकोमुलांसह हें अंतर सायकलीनें काटणें अवघड होतें. ही अडचण अनेकांपुरती स्कूटरनें दूर केली. पुढें उभें केलेलें मूल, मागें एका बाजूस पाय सोडून बसलेली पत्नी, आणि हुकाला अडकविलेली भाजीची पिशवी, एवढा संसार घेऊन ही गाडी मंडईपासून घरापर्यंत येई. नळ, बस व शाळा यांच्याबरोबर उपनगरांच्या वाढीच्या कारणांत स्कूटरचीही गणना करणें भाग आहे.

ही स्कूटर मूळची इटलीची. दुसऱ्या महायुद्धांत पियाजिओ कंपनीचा पोंतेदेरा येथील विमानांचा कारखाना बाँबहल्ल्यांनीं उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमानांस गिऱ्हाईक उरलें नाहीं. तेव्हां कोर्रादिनो दास्कानिओ या विमानविद्येंतील अभियंत्यानें एका स्वस्त दुचाकीचा आराखडा तयार केला, आणि १९४६ च्या एप्रिल महिन्यांत 'व्हेस्पा'च्या पेटंटाची नोंद झाली. मोटारसायकलीची साखळी आणि कपड्यांवर उडणारें तेल त्यास पसंत नव्हतें. म्हणून त्यानें पत्र्याचा सलग सांगाडा घेतला, इंजिन मागच्या चाकाशेजारीं पत्र्याच्या आड ठेविलें, साखळी अजीबात काढून टाकली, आणि गिअर चालकाच्या डाव्या मुठींत आणून दिले.

इकडे बजाज घराण्यानें १९४५ सालीं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नांवाची संस्था स्थापिली होती. १९५९ सालीं तिला दुचाकी व तिचाकी वाहनें भारतांतच बनविण्याचा परवाना मिळाला, आणि पियाजिओशीं करार होऊन व्हेस्पा येथें तयार होऊं लागली. तो करार १९७१ सालीं संपला. १९७२ पासून राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करणारी 'चेतक' विक्रीस आली. नांव स्वदेशी झालें. अंतरंगाची घडण मात्र बरीचशी त्या इटालियन गाडीचीच राहिली.

त्या काळीं कारखान्यानें माल किती काढावा हें १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याखालीं मिळणाऱ्या परवान्यावर अवलंबून असे. मागणी अफाट आणि उत्पादन बेताचें. त्यामुळें स्कूटरसाठीं नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहावी लागे. चेतकच्या बाबतींत ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंतही गेलेली आहे. या टंचाईचे दोन परिणाम झाले. पहिला उघड आहे: दुसरी गाडी लवकर मिळण्याचा संभव नसल्यामुळें हातीं असलेली गाडी चालती ठेवणें हाच शहाणपणाचा मार्ग ठरला. दुसरा परिणाम तितकासा लक्षांत येत नाहीं. स्पर्धा नसल्यामुळें गाडीची रचना वर्षानुवर्षें फारशी बदलली नाहीं, आणि म्हणून एका सालच्या गाडीचा भाग पुष्कळदां दुसऱ्या सालच्या गाडीस बसे. पुण्याच्या नाना पेठेंतील सुट्या भागांच्या दुकानांचा धंदा या एकरूपतेवर चाले. आणि ज्या मुलानें एक इंजिन नीट उलगडून जोडावयास शिकून घेतलें, त्याला ती विद्या जन्मभर पुरे. रचना बदलली नाहीं हा ग्राहकाच्या दृष्टीनें दोष होता. दुरुस्तीच्या दृष्टीनें तो मोठाच गुण ठरला.

आतां क्लच म्हणजे काय तें पाहूं. इंजिन एकदां सुरू झालें म्हणजे अखंड फिरत असतें. चाकास मात्र लक्ष्मी रस्त्याच्या प्रत्येक चौकांत थांबावें लागतें. फिरतें इंजिन आणि थांबलेलें चाक यांची गांठ हवी तेव्हां सोडविणें व हवी तेव्हां सावकाश घालणें, हें क्लचचें काम होय. या स्कूटरमध्यें क्लच क्रँकशाफ्टच्या टोकावरच बसविलेला असतो. जागा अरुंद म्हणून त्यांत एक मोठी तबकडी न घालतां लहान लहान चकत्यांची चळत घातलेली असते: एक चकती पोलादाची, दुसरी बुचाच्या अस्तराची, या क्रमानें. बळकट स्प्रिंगा ही चळत एकमेकींवर दाबून धरतात, आणि सारा संच तेलांत बुडालेला असतो. मुठींतील दांडी ओढली म्हणजे केबल स्प्रिंगा दाबते, चकत्या सैल होतात आणि चाक इंजिनापासून सुटें होतें. दांडी हळूहळू सोडली म्हणजे चकत्या क्षणभर एकमेकींवर घासतात व मग घट्ट धरतात. गाडी हिसका न देतां पुढें सरकते ती या क्षणभराच्या घासण्यामुळें. आणि झीज होते तीही तेव्हांच.

क्लच झिजल्याचीं लक्षणें चालकास बहुधा चढावर कळतात. कात्रजच्या किंवा दिव्याच्या घाटांत इंजिनाचा आवाज चढत जातो, पण गाडीचा वेग वाढत नाहीं. शक्ति निर्माण होते, परंतु ती चाकापर्यंत पोंचत नाहीं. यालाच गॅरेजांत 'क्लच घसरतो' असें म्हणतात. याच्या उलट दुसरा विकार म्हणजे क्लच पुरता न सुटणें. त्या वेळीं दांडी पूर्ण ओढूनही गाडी पुढें रेटते आणि पहिला गिअर खट्‌कन् आवाज करून पडतो. दोन्ही विकारांत चांगला कारागीर एकदम इंजिन उघडीत नाहीं. आधीं तो केबल पाहतो. केबल अति ताणलेली असेल तर चकत्या कधींच पुरत्या दाबल्या जात नाहींत आणि नवा क्लचही घसरतो. ती सैल असेल तर क्लच पुरता सुटत नाहीं. पुष्कळ गाड्यांचा आजार एवढ्या परीक्षेंतच बरा होतो, आणि मालकाचे पैसे वांचतात. नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य व केबल न पाहतां चकत्या बदलणारा मेकॅनिक यांची योग्यता सारखीच समजावी.

केबल निर्दोष आढळली तर मात्र क्लच उघडावा लागतो. त्यासाठीं सारें इंजिन उतरवावें लागत नाहीं. गिअरचें तेल प्रथम काढून घेतात. या तेलांत बुचाचे काळे कण दिसले व जळका वास आला, तर रोगाचें निदान झाकण उघडण्यापूर्वींच होतें. मग गाडी कलती करून अथवा मागचें चाक काढून क्लचचें झाकण उघडतात. आंतील नटास खांचा असतात; त्यास साधा पाना लागत नाहीं, खांचेंत बसणारा दांतांचा खास पाना लागतो. संच बाहेर आल्यावर स्प्रिंगा एका दाबणीनें दाबून चकत्या सोडवितात. बुचाच्या चकत्या नव्या घालतात. पोलादी चकत्या मात्र वांकल्या किंवा निळ्या पडल्या असतील तरच बदलतात, नाहींतर त्याच साफ करून पुन्हां बसवितात. नव्या चकत्या बसविण्यापूर्वीं तेलांत भिजवून ठेवाव्या लागतात. कोरड्या बसविल्यास पहिल्याच दिवशीं त्या करपण्याचें भय असतें.

येथेंच अनुभवी हात ओळखूं येतो. चकत्यांच्या कडांना असलेले दांत क्लचच्या डब्याच्या खांचांत अडकलेले असतात, आणि वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनीं त्या खांचांच्या कडांवर बारीक घळी पडतात. नव्या चकत्या या घळींत अटकून बसतात व क्लच पुन्हां नीट सुटत नाहीं. नवशिका आश्चर्य करीत राहतो कीं सारे भाग नवे घालूनही गाडी जुन्यासारखीच कां वागते. जाणता कारागीर खांचेवरून नख फिरवून पाहतो, कानशीनें कडा सारख्या करून घेतो, आणि घळी फार खोल असतील तर डबाच बदलावा लागेल असें मालकास स्पष्ट सांगतो. दुरुस्ती म्हणजे केवळ जुन्याच्या जागीं नवें घालणें नव्हे. नव्या भागाचें शेजारच्या जुन्या भागाशीं कितपत जमेल, याचा तो निवाडा असतो.

क्लचप्रमाणेंच इतर भागांचें आहे. गिअरचीं चाकें निवडून धरणारा चार हातांचा एक पोलादी क्रॉस या गाडींत असतो. त्याच्या हातांच्या कडा झिजून गोल झाल्या म्हणजे गिअर आपोआप निसटूं लागतो, आणि तो बदलण्यास मात्र सारें इंजिन दुभंगावें लागतें. सिलिंडर झिजला तर तो किंचित् मोठा कातून घेतात व त्यांत त्या मापाचा मोठा पिस्टन घालतात. असे क्रमाक्रमानें वाढत्या मापाचे पिस्टन कारखाने स्वतःच तयार करून बाजारांत ठेवीत. या गोष्टीचा अर्थ वाचकांनीं लक्षांत घ्यावा. यंत्र झिजणार हें निर्मात्यानें आधींच गृहीत धरलें होतें, आणि त्या झिजेच्या प्रत्येक पायरीवर यंत्रास पुन्हां उभें करण्याची सोय त्यानें करून ठेविली होती. कारखान्यानें अर्धें काम केलें होतें. उरलेलें अर्धें रस्त्याच्या कडेच्या गॅरेजावर सोंपविलें होतें.

बुचाची योजनाही याच धोरणाची द्योतक आहे. पोलादावर पोलाद घासलें तर दोन्हीं महाग वस्तु नाश पावतात. म्हणून मध्यें एक मऊ, स्वस्त व बदलतां येण्याजोगा पदार्थ घालावयाचा आणि झीज त्याच्याच वांट्यास द्यावयाची, हा यंत्रशास्त्रांतील जुना संकेत आहे. बूच दाबलें जाऊन पुन्हां फुगतें आणि तेलांतही आपली पकड सोडीत नाहीं, म्हणून तें येथें उपयोगी पडलें. हें बूच पोर्तुगालसारख्या देशांत होणाऱ्या एका ओक वृक्षाच्या सालीपासून मिळतें. ही साल सुमारें नऊ वर्षांनीं एकदां काढतात. झाड मरत नाहीं, त्यास नवी साल येते. पुण्याच्या गॅरेजांत बदलली जाणारी चकती अशा रीतीनें दूरच्या एका वृक्षाच्या सालीशीं नातें सांगते, हा केवळ योगायोग असला तरी स्मरणांत ठेवण्याजोगा आहे.

या क्लचच्या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती हिंगण्याच्या भूमीवर विसरतां येत नाहीं. गिअरची जड स्कूटर, तिची लाथ मारून सुरू करण्याची तऱ्हा आणि डाव्या मुठींतील क्लच व गिअर यांचा मेळ, यांमुळें ती बहुतांशीं पुरुषांचें वाहन राहिली. स्त्रीची जागा मागची ठरली. १९७२ सालींच पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें 'लूना' काढली. तिच्यांत वेग वाढला म्हणजे केंद्रापासून दूर फेंकल्या जाणाऱ्या वजनांनीं आपोआप धरणारा क्लच होता. हातानें कांहींच करावें लागत नसे. पुढें १९८४ सालीं जपानच्या होंडाशीं झालेल्या सहकार्यांतून बिनगिअरची 'कायनेटिक होंडा' आली. तिला लाथही मारावी लागत नसे, बटण दाबणें पुरे होई. नोकरी करणाऱ्या व कॉलेजांत जाणाऱ्या पुण्याच्या मुली या गाड्यांवर स्वतः स्वार झाल्या. अण्णासाहेबांनीं जेथें मुलींसाठीं झोपडी बांधली, त्याच कर्वेनगरांत त्यांच्या संस्थेनें १९९१ सालीं कमिन्सच्या साहाय्यानें मुलींचें अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें. क्लच हातांतून गेला तेव्हां स्त्री मागच्या आसनावरून पुढें आली. आणि आज त्याच वस्तींत क्लचचें शास्त्र शिकणाऱ्या मुलीही आहेत. तेव्हां जुन्या गाडीची स्तुति करतांना तिनें कोणास दूर ठेविलें होतें, हेंही सांगणें न्यायाचें होईल.

जुन्या काळाच्या भक्तांस आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुरुस्तीची ती परंपरा कांहीं काटकसरीच्या उच्च तत्त्वज्ञानांतून जन्मली नव्हती. ती टंचाईची अपत्य होती. १९९१ नंतर परवान्यांची बंधनें सैल झालीं, मोटारसायकली व बिनगिअरच्या गाड्या मुबलक मिळूं लागल्या, आणि ज्यांनीं दहा वर्षें वाट पाहिली होती त्यांनींच जुनी गाडी आनंदानें विकली. शिवाय दोन-स्ट्रोकच्या इंजिनांत पेट्रोलबरोबर तेल जळतें, आणि त्याचा निळसर धूर साऱ्या शहरानें सोसला आहे. झिजलेला भाग बदलतां येतो. मूळ रचनेंतला दोष कारागिराच्या कानशीनें जात नाहीं. चेतकचें उत्पादन २००६ पर्यंत थांबलें आणि २००९ च्या अखेरीस स्कूटरचा धंदाच सोडण्याचा निर्णय त्या कंपनीनें जाहीर केला, यांत कालगतीचा भाग मोठा होता.

परंतु यंत्राचें आयुष्य कारागिराच्या हातीं किती व कायद्याच्या हातीं किती, हाही प्रश्न आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीचें उदाहरण सर्वांच्या स्मरणांत असेल. 'प्रीमियर पद्मिनी' जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून नाहींशा झाल्या. त्यांचे क्लच बदलणारे हात मुंबईंत तेव्हांही होते; गाडी थांबली ती क्लच झिजल्यामुळें नव्हे, वर्षें भरल्यामुळें.

याच्या उलट २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, आणि तिचा सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. या अटींत एक सूक्ष्म विवेक दिसतो. मूळ स्वरूप राखणें म्हणजे कांहींच न बदलणें नव्हे. क्लचच्या चकत्या न बदललेली पन्नास वर्षांची चालती गाडी मिळणें कठीण. झिजणारे भाग बदलीत राहिल्यामुळेंच न झिजणारें स्वरूप टिकतें, हें कायद्यानेंही जणूं मान्य केलें आहे. १९७२ ची चेतक २०२२ सालीं पन्नास वर्षांची झाली. मात्र अशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, शर्यतफेरी, इंधन व दुरुस्ती अशा प्रसंगींच रस्त्यावर आणतां येते. ज्या गाडीनें रोज भाजी आणली, तिला मखरांत बसविण्याचाच हा प्रकार. तथापि भंगारापेक्षां मखर बरें.

मखर कसें असावें याचा नमुना कर्वेनगरांतच आहे. येथील सहवास सोसायटींत २०१७ पासून 'विक्रम पेंडसे सायकल्स' हें जुन्या सायकलींचें संग्रहालय उभें आहे. दुसऱ्या महायुद्धांत छत्रीधारी सैनिकांसाठीं बनविलेली बीएसएची घडीची सायकलही तेथें पाहावयास मिळते. सायकलींचें शहर म्हणून ज्याची ख्याति होती त्या पुण्यांत हें अगदीं उचित झालें. अशा संग्रहांत वस्तु नीट करून ठेवावयाची तर मूळ भाग शोधावे लागतात, न मिळाल्यास घडवून घ्यावे लागतात, आणि तें काम करतां करतां जुनी विद्या जिवंत राहते. स्कूटरच्या बाबतींत असाच प्रयत्न अद्याप वेळ आहे तोंपर्यंत व्हावयास हवा. कारण सुटे भाग एक वेळ पुन्हां घडवितां येतील, परंतु खांचेवरून नख फिरवून निदान करणारा हात एकदां गेला म्हणजे गेलाच. तो हात ज्यांचा होता त्यांपैकीं बहुतेकांनीं कांहीं लिहून ठेविलेलें नाहीं. कारखान्यांचे वार्षिक वृत्तांत ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. गॅरेजांचा वृत्तांत माणसांच्या आठवणींतच आहे.

२०२० च्या जानेवारींत 'चेतक' हें नांव पुन्हां बाजारांत आलें, या वेळीं विजेच्या गाडीवर. तिच्यांत क्लच नाहीं, गिअर नाहीं, बुचाची चकती नाहीं. धूर नाहीं हा तिचा मोठा लाभ निःसंशय मानला पाहिजे. तिची झीज आतां विजेच्या घटांत होते, आणि तो घट गल्लींतल्या कारागिरास उघडतां येत नाहीं. झिजणारा भाग स्वस्त असावा, बदलतां यावा व बदलणारा माणूस जवळ असावा, या जुन्या व्यवस्थेचीं तीन अंगें होतीं. नव्या व्यवस्थेनें त्यांपैकीं कोणतीं राखावीं, हें ठरविण्याची वेळ हीच आहे. तें ठरवितांना जुन्या गाडीचा अनुभव उपयोगी पडेल.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस एक लहानशी विनंती करावीशी वाटते. कपाटांत स्कूटरची नोंदणीची पावती, सर्व्हिसचें पुस्तक किंवा सुट्या भागांचीं बिलें पडलीं असतील तर तीं रद्दींत घालूं नयेत. त्यांवर साल असतें, किंमत असते, कधीं गॅरेजचें नांवही असतें. आणि ज्या कारागिरानें आपली गाडी वीस वर्षें चालती ठेविली तो अजून भेटत असेल, तर त्याच्यापाशीं तासभर बसून त्यानें ही विद्या कोठें व कशी शिकली तें विचारून लिहून घ्यावें. जीर्णोद्धार करणाऱ्याचें नांव देवळाच्या भिंतीवर कोरलेलें आढळतें. या कारागिरांचें नांव निदान आपल्या वहींत असावें.